कॅप्टन नेमोचे कैदी

परवा आमच्या किनवटच्या वर्गात ज्यूल व्हर्नचा विषय निघाला. तो काही अभ्यासक्रमात नाही. पण तास संपायला दहा मिनिटे उरली होती, बाहेर पाऊस लागला होता, आणि मुलांना गोष्ट हवी होती. मी त्यांना कॅप्टन नेमोच्या पाणबुडीची गोष्ट सांगितली. तीन माणसे त्या पाणबुडीवर कैद होतात. त्यांना उत्तम जेवण मिळते, स्वतंत्र खोल्या मिळतात, समुद्राच्या तळाशी फिरायला मिळते. मिळत नाही ती एकच गोष्ट, परत जाण्याची मोकळीक. मग मी विचारले, "सांगा पाहू, नेमोने आपल्या कैद्यांना चांगले वागवले की वाईट?"

मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, चांगलंच की! जेवणखाण, राहणं, आणि वर फुकटात जगाची सफर. मी तर उतरलोच नसतो." वर्ग हसला. हसणे थांबल्यावर वसतिगृहात राहणारी एक मुलगी उभी राहिली आणि तिने उलट मलाच विचारले, "सर, त्यांना घरी पत्र धाडता येत होतं का?"

येत नव्हते. तेवढे मी सांगितले आणि घंटा झाली. प्रश्न मात्र माझ्या मागे लागला तो लागलाच. आज आपल्याशी बोलायचे आहे ते त्याविषयी.

आपण म्हणाल, खऱ्या युद्धकैद्यांची दुःखे काय थोडी आहेत, म्हणून हे प्राध्यापक महाशय गोष्टीतल्या कैद्यांची चौकशी करीत बसले आहेत? पण विज्ञानकथा लिहिणाऱ्याला एक सोय असते. कायदे, सरहद्दी, वकील, वर्तमानपत्रे, हे सगळे त्याला एका फटक्यात दूर सारता येते. मग उरतात दोनच जण, पकडणारा आणि पकडलेला. त्या दोघांमध्ये नक्की काय चालते हे एरवी कागदपत्रांच्या गर्दीत दिसत नाही. तिथे ते उघडे दिसते.

तेव्हा आधी नेमोकडे पाहू. व्हर्नची समुद्रतळाची ही कादंबरी 1870 च्या आसपासची. मराठीत भा. रा. भागवतांनी व्हर्न घरोघर पोहोचवला, त्यामुळे आपल्यापैकी पुष्कळांच्या लहानपणात तो असेलच. समुद्रात एक अक्राळविक्राळ प्राणी जहाजांना धडका देतो अशी आवई उठते. त्याला मारायला अमेरिकेची एक युद्धनौका निघते. तिच्यावर आरोना नावाचे फ्रेंच प्राध्यापक आहेत, त्यांचा नोकर कॉन्सेय आहे, आणि देवमाशांवर भाला फेकण्यात पटाईत असा कॅनडाचा नेड लँड आहे. प्राणी म्हणजे प्रत्यक्षात लोखंडी पाणबुडी निघते. झटापटीत हे तिघे समुद्रात फेकले जातात आणि तिच्याच पाठीवर येऊन पडतात.

आता नेमोचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. तो म्हणतो, तुम्ही माझ्यावर तोफा घेऊन चालून आलात, तेव्हा तुम्हांला शत्रू समजण्याचा मला हक्क आहे. लढाईनंतर हाती लागलेले तुम्ही माझे कैदी आहात. मनात आणले असते तर पाणबुडी खाली नेऊन तुम्हांला बुडवता आले असते. मी तसे केले नाही. या बोलण्यात तो चुकतो कुठे? पहिल्या ऐकण्यात तरी कुठेच नाही. तो त्यांना कपडे देतो, आपल्या टेबलावर जेवायला बसवतो. अट एकच घालतो. कधी काही तास, कधी काही दिवस मी तुम्हांला खोलीत बंद करीन. कारण विचारायचे नाही.

पुढे एकदा तसे होते. जेवणात गुंगीचे औषध घालून तिघांना झोपवले जाते. दुसऱ्या दिवशी नेमो प्राध्यापकांना विचारतो, तुम्हांला वैद्यकी येते ना? डोके फुटलेला एक खलाशी मरणाच्या दारात पडलेला असतो. तो जात नाही तोवर नेमोच्या डोळ्यांत पाणी आलेले प्राध्यापकांना दिसते. मग समुद्राच्या तळाशी, पोवळ्यांच्या रानात, त्याचे दफन होते. नेमो क्रूर आहे असे म्हणायला जीभ रेटत नाही ती अशा प्रसंगांमुळे.

आणि त्याचे ग्रंथालय! बारा हजार पुस्तके. आम्हां प्राध्यापक मंडळींचे काय असते, बारा हजार पुस्तके नुसती दाखवलीत की आम्ही दाराला बाहेरून कडी आहे की नाही हे पाहायला विसरतो. आरोनांचे तसेच होते. ते टिपणे काढतात, मासे ओळखतात, नेमोशी वाद घालतात. आपण कैदी आहोत हे त्यांना आठवड्यातून एखाद्या वेळी आठवते. नेड लँडला ते प्रत्येक सकाळी आठवते. त्याला पुस्तकांशी कर्तव्य नाही. पहिल्याच दिवशी तो सांगून टाकतो की मी पळून जाणार नाही असे वचन मी देणार नाही. नेमोही म्हणतो, तुमच्याकडे वचन मागितले आहे कोणी?

हा संवाद वरवर किरकोळ वाटतो. युद्धकैद्यांच्या इतिहासात मात्र या वचनाला फार मोल होते. युरोपातल्या लढायांत पकडलेला अधिकारी 'पुन्हा शस्त्र धरणार नाही' असा शब्द देई आणि घरी जाई. शब्द मागणे म्हणजे समोरच्याला शब्द असलेला माणूस मानणे. नेमो शब्द मागत नाही, कारण त्याला सोडायचेच नाही. पुढे आरोना त्याला स्पष्ट विचारतात तेव्हा तो सांगतो की इथे आलेला माणूस पुन्हा बाहेर जात नाही. प्राध्यापक म्हणतात, ही गुलामगिरी झाली. नेमोचे उत्तर असे की तुम्हांला हवे ते नाव द्या.

मला वाटते, माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाची धार इथे कळते. जेवण आहे, अंथरूण आहे, मारहाण नाही, अपमान नाही. पण हे तिघे जिवंत आहेत हे पाणबुडीबाहेरच्या एकाही माणसाला ठाऊक नाही. त्यांच्या घरी एव्हाना त्यांचे सुतक संपलेले असणार. पकडणाऱ्याने उद्या मत बदलले, तर त्याला जाब विचारायला कोणी येणार नाही, कारण जाब विचारायला आधी माणसाचे नाव ठाऊक असावे लागते. खुद्द 'नेमो' हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ 'कोणी नाही'. ज्याने स्वतःचे नाव पुसून टाकले, त्याच्या कैदेत तिघांची नावे गेली.

या नेमोला खरे नाव होते, हे व्हर्नने पुढच्या, 1875 च्या 'गूढ बेटा'च्या कादंबरीत सांगितले. तो निघाला आपल्याकडचा! राजपुत्र डाक्कर, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा भाचा. व्हर्नच्या वंशावळीकडे फार बारकाईने पाहू नये. बुंदेलखंड कुठे, श्रीरंगपट्टण कुठे! मूळ बेत तर नेमोला रशियाविरुद्ध लढलेला पोलिश सरदार करण्याचा होता. रशियातला खप आणि मर्जी सांभाळणाऱ्या प्रकाशकाला ते रुचले नाही. काही असो, व्हर्नने पत्करलेली हकिगत अशी की हा राजपुत्र 1857 च्या उठावात लढला, त्याच्या डोक्यावर बक्षीस लागले, बायकामुले मारली गेली, आणि उरल्या साथीदारांना घेऊन तो पॅसिफिक महासागरातल्या एका निर्जन बेटावर गेला. तिथे त्याने पाणबुडी बांधली. पहिल्या कादंबरीतही याची एक खूण आहे. सिंहलद्वीपाजवळ तो एका गरीब हिंदी मोतीकाढ्याला शार्कच्या तोंडातून वाचवतो, मोत्यांची पिशवी देतो, आणि सांगतो की हा पीडितांच्या देशाचा माणूस आहे व मीही त्याच देशाचा आहे.

त्याच कादंबरीच्या शेवटी तो एक युद्धनौका बुडवतो. बुडणारी माणसे शिडांच्या दोरांवर चढतात, आणि नेमो काचेतून पाहत राहतो. एकालाही पाण्याबाहेर काढत नाही. या खेपेला कैदी घ्यायचेच नाहीत. मग खोलीत जाऊन एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो. या माणसाचा राग येतो आणि त्याची कीवही येते, आणि दोन्ही एकाच वेळी.

मी हे कादंबरीतले 1857 सांगतो आहे तेव्हा खऱ्याकडे वळणे भाग आहे, कारण ते आमच्या दाराशी आहे. 1956 पर्यंत आमचा किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यात होता, आणि निर्मलही तेव्हा त्याच जिल्ह्यात होते. सत्तावन्नची लाट उत्तरेत ओसरल्यावर रोहिले दक्षिणेत उतरले आणि इथल्या डोंगरातल्या गोंडांना मिळाले. रामजी गोंड त्यांचा पुढारी. निर्मलच्या आसपास त्यांनी इंग्रज आणि निजाम, दोघांच्याही सत्तेशी झुंज दिली. 1860 मध्ये ते पकडले गेले. पुढे काय झाले ते लोकपरंपरा एका झाडाच्या नावाने सांगते. तेलुगूत त्याला 'वेय्यि उरुल मर्री' म्हणत, म्हणजे हजार फासांचा वड. रामजी आणि त्याचे साथीदार, सगळे मिळून हजार, त्या एका वडाला लटकवले असे लोक सांगत आले आहेत.

हजार हा आकडा लोकांचा आहे. तो मोजून कोणी लिहिला नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. ही माणसे लढताना पकडली गेली, पण त्यांना युद्धकैदी कोणी म्हटले नाही. ते 'बंडखोर' ठरले. एकदा तो शब्द लागला की यादी करण्याची गरज नाही, कोणाला कळवण्याची गरज नाही. हजारांतून लोकांच्या तोंडी राहिले ते रामजीचे नाव आणि आणखी एखादे. व्हर्नचा डाक्कर निसटला, त्याने पॅसिफिक गाठला. रामजी गोंडाला पाणबुडी नव्हती.

आपल्याकडे या बाबतीत जुना विचार काय होता, असा प्रश्न मनात येतो. एकाच मनुस्मृतीत दोन टोके सापडतात. सातव्या अध्यायात युद्धाचे नियम आहेत. हात जोडणाऱ्यावर, 'मी तुझा आहे' म्हणणाऱ्यावर शस्त्र चालवू नये असे तिथे आहे. आठव्या अध्यायात दासांचे सात प्रकार आहेत, आणि त्यात पहिला 'ध्वजाहृत', म्हणजे लढाईत जिंकून आणलेला. म्हणजे शरण आलेल्याचा जीव वाचला, तो पुढे कोणाचा हा प्रश्न राहिला. रोमन लोकांचेही यापेक्षा फार वेगळे नव्हते. आरोनांच्या तोंडी गुलामगिरी हा शब्द येतो तो असा शेकडो वर्षांमागून चालत येतो.

व्हर्ननंतर एच. जी. वेल्स आला आणि त्याने कैद्यांची आणखी वाईट स्थिती कल्पिली. 1898 च्या कादंबरीत मंगळावरचे स्वारीकर माणसांना पिंजऱ्यासारख्या टोपल्यांत गोळा करतात आणि त्यांचे रक्त आपल्या अंगात घेतात. तिथे कैदी हा शब्दच लागू होत नाही. आपण कोंबड्यांना कैदी म्हणतो का? 1901 च्या चंद्रावरच्या कादंबरीत मात्र बारकावा आहे. बेडफर्ड आणि कॅव्हर हे दोन इंग्रज चंद्रावर पकडले जातात. त्यांना साखळ्या घालतात त्या सोन्याच्या, कारण चंद्रावर सोने मुबलक. बेडफर्ड मारामारी करून निसटतो. कॅव्हर मागे राहतो, आणि तिथून बिनतारी संदेश पाठवू लागतो. 1901 साली, लक्षात घ्या, रेडिओ अजून पाळण्यातही नीट बसला नव्हता! ते संदेश पृथ्वीवर एका डच गृहस्थाला ऐकू येतात. म्हणजे या कैद्याला पत्र धाडता येते. मग एके दिवशी तो भोळेपणाने चंद्राच्या अधिपतीला सांगून बसतो की पृथ्वीवरची माणसे एकमेकांशी युद्धे करतात आणि त्यात त्यांना आनंदही होतो. त्यानंतर संदेश तुटक येऊ लागतात आणि अर्ध्या शब्दावर बंद पडतात. पत्र थांबले एवढ्यावरून वाचकाला समजते की माणूस गेला.

या सगळ्या लेखकांनी कैद पाहिली नव्हती. ज्याने पाहिली होती असाही एक आहे, अमेरिकन लेखक कर्ट व्हॉनेगट. 1944 च्या डिसेंबरात तो जर्मनांच्या हाती लागला. ड्रेस्डेनच्या कत्तलखान्यात त्याला व त्याच्या सोबत्यांना ठेवले होते, आणि फेब्रुवारी 1945 मध्ये त्याच्याच बाजूच्या विमानांनी ते शहर जाळले तेव्हा हा तळघरात होता म्हणून वाचला. याने 1969 मध्ये कादंबरी लिहिली ती त्या कत्तलखान्याच्या नावाची. तिच्यातला नायक एकीकडे ड्रेस्डेनमध्ये युद्धकैदी आहे आणि दुसरीकडे परग्रहावरच्या लोकांनी त्याला पकडून आपल्या प्राणिसंग्रहालयात ठेवले आहे. खायला-प्यायला भरपूर, बाहेर प्रेक्षकांची गर्दी. 1949 च्या जिनिव्हा कराराच्या तेराव्या कलमात युद्धकैद्याला मारहाणीपासून आणि अपमानापासून जसे संरक्षण आहे, तसेच लोकांच्या बघ्या कुतूहलापासूनही आहे. हे कलम कोणाला नाजूकपणाचे वाटत असेल तर त्याने ती कादंबरी वाचावी.

जिनिव्हा कराराचे नाव निघाले आहे तर त्यातली दोन-चार कलमे सांगतो. कायद्याची भाषा रुक्ष असते, पण यांतली काही कलमे वाचताना कोणी कैदेत राहिलेला माणूस लिहिणाऱ्याच्या शेजारी बसला असावा असे वाटते. कैद्याने सांगायचे ते आपले नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि सैन्यातला क्रमांक. याहून अधिक सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही. छावणीत आल्यापासून आठवड्याच्या आत त्याला एक कार्ड भरून घरी व मध्यवर्ती कचेरीकडे पाठवता आले पाहिजे. महिन्याला किमान दोन पत्रे आणि चार कार्डे. पळून जाताना पकडला गेला तर शिस्तभंगाची शिक्षा द्यावी, त्याहून अधिक नाही. पळून जाणे हा गुन्हा धरलेला नाही. नेड लँडने हे वाचले असते तर त्याला किती बरे वाटले असते! आणि प्रत्यक्ष लढाई थांबली की विलंब न लावता कैद्यांना सोडून मायदेशी पाठवायचे.

ही कार्डांची कल्पना कागदी घोडे नाचवणाऱ्यांची नव्हे. 1914 च्या ऑगस्टमध्ये रेड क्रॉसने जिनिव्हात युद्धकैद्यांची एक कचेरी उघडली. दोन्ही बाजूंकडून याद्या यायच्या, आणि स्वयंसेवक एकेका नावाचे कार्ड लिहून पेटीत लावायचे. युद्ध संपेपर्यंत ती कार्डे सत्तर लाखांच्या घरात गेली. फ्रेंच साहित्यिक रोमाँ रोलाँ तिथे कित्येक महिने स्वयंसेवक म्हणून पत्रे निवडीत बसत असे. दुसऱ्या महायुद्धात व्हॅटिकनच्या रेडिओवरून कैद्यांचे निरोप वाचून दाखवले जात. रेडिओसमोर बसून एकच नाव ऐकू येण्याची वाट पाहणाऱ्या घरांची कल्पना आपण करू शकता.

पण कार्डे लिहिली म्हणून सगळे सुखरूप परतले असे नाही. मेसोपोटेमियातले कुत-अल-अमारा हे गाव कोकणातल्या आणि देशावरच्या किती घरांत एकेकाळी माहीत होते! तिथे वेढ्यात सापडलेल्या सैन्याचे नावच 'पूना डिव्हिजन' असे होते. त्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, 103, 110 आणि 117. डिसेंबर 1915 पासून जवळजवळ पाच महिने वेढा चालला. शेवटी घोड्यांचे मांस खाण्यापर्यंत पाळी आली, आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी धर्माच्या विचाराने तेही बरेच दिवस नाकारले. 29 एप्रिल 1916 रोजी सेनापती टाउनशेंड शरण गेला. सुमारे 13,000 माणसे तुर्कांच्या हाती लागली.

पुढची हकिगत ऐकताना पुन्हा नेमो आठवतो. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, मान मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले. आधीच उपाशी, अंगात ताप, पायांत धड जोडे नाहीत. जे पोहोचले त्यांना रेल्वेच्या कामावर लावले. इंग्रज शिपायांतले निम्म्याहून अधिक कैदेत मेले. हिंदी शिपायांतलेही हजारो. युद्धकैद्यांना माणुसकीने वागवावे हे हेगच्या नियमांत 1907 मध्येच लिहिले गेले होते. म्हणजे एकाच शरणागतीतून दोन कैदा निघाल्या, एक पुस्तकांच्या कपाटाची आणि एक वाळवंटातली. सेनापतीची बातमी साऱ्या युरोपला होती. शिपायांतल्या पुष्कळांना अक्षरओळख नव्हती. पत्र लिहायचे तर लिहून देणारा आधी सापडायला हवा. रत्नागिरीकडच्या एखाद्या वाडीत वर्षावर्षाने 'बेपत्ता' एवढाच शब्द येत असेल, तर त्याचा अर्थ काय लावायचा?

आता जवळचा, 1961 चा प्रसंग. गोवा मुक्तीची कारवाई 18 आणि 19 डिसेंबरला झाली आणि पोर्तुगालचे तीन हजारांहून अधिक सैनिक आपल्या कैदेत आले. लिस्बनहून सालाझारचा हुकूम असा होता की जिंकलेले सैनिक दिसावेत किंवा मेलेले. शरण आलेले नकोत. गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी हा हुकूम मोडला आणि निरर्थक रक्तपात टाळला. याबद्दल त्यांना गोव्यात कोणी नावे ठेवली नाहीत. लिस्बनने ठेवली. हे कैदी आपल्याकडे जवळजवळ पाच महिने राहिले. तिकडे मोझांबिकमधल्या हिंदी लोकांना पोर्तुगालने अटकेत टाकून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. दोन्ही सरकारे एकमेकांकडे पाहत होती आणि मधे कैदी बसले होते. मे 1962 मध्ये ते कराचीमार्गे परत गेले. बोटी लिस्बनला लागल्या तेव्हा धक्क्यावर स्वागताला बंदुकधारी लष्करी पोलीस उभे होते. पुढच्या वर्षी जनरलला आणि आणखी काही अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकले. सालाझारची राजवट उलथल्यावर, 1974 मध्ये, त्यांना हुद्दे परत मिळाले. घरी पत्र धाडता येणे महत्त्वाचे खरे. पण ते घर पत्र उघडील याचीही खात्री नसते, हे मला गोव्याच्या या हकिगतीवरून कळले.

1971 च्या डिसेंबरात ढाक्याला शरणागती झाली आणि सुमारे 93,000 पाकिस्तानी, काही नागरिक धरून, भारताच्या कैदेत आले. त्यांच्या याद्या झाल्या, छावण्या झाल्या, रेड क्रॉसची माणसे पाहून गेली. तरीही शेवटचा कैदी परत जायला एप्रिल 1974 उजाडले. लढाई थांबताच विलंब न लावता, असे करार म्हणतो. मध्ये सिमल्याच्या वाटाघाटी होत्या, बांगलादेशला काही जणांवर खटले चालवायचे होते, कारणे पुष्कळ होती. आपण त्यांना वाईट वागवले नाही याचा अभिमान आपल्याला आहे आणि असावा. पण दोन वर्षे चार महिने हा काळ कैद्याच्या बायकोने मोजला तर तो सरकारी फायलीतल्यापेक्षा लांब भरतो, हे आपल्याच बाजूच्या माणसाने म्हटलेले बरे.

त्याच युद्धातली दुसरी बाजू मी त्या मुलीला सांगितली नाही. घंटा झाली हे निमित्त. खरे म्हणजे मला ती दोन वाक्यांत सांगता आली नसती. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे हे आपल्या हवाई दलातले वैमानिक. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पाकिस्तानवर गेलेले त्यांचे विमान पडले. त्याच सुमारास पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वृत्तपत्रात बातमी आली की काही हिंदी वैमानिक जिवंत पकडले गेले आहेत. बातमीत एक नाव होते, 'टॉम्बे'. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. त्या वृत्तपत्रातले चुकीच्या स्पेलिंगचे नाव हाती धरून त्यांनी पुढची सगळी वर्षे काढली. युद्धकैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा अधिकृत यादीत ते नाव नव्हते. पाकिस्तानने नेहमी सांगितले की आमच्याकडे असा कोणी नाही.

'कोणी नाही' हे उत्तर देणारा फक्त समुद्राच्या तळाशीच असतो असे नाही. अशा बेपत्ता सैनिकांचा आकडा 54 सांगितला जातो. 2007 मध्ये त्यांच्या नातेवाइकांपैकी 14 जणांना पाकिस्तानात जाऊन तिथले तुरुंग पाहू दिले. त्यांना रजिस्टरे दाखवली. ती पाहून ते परत आले. आपले माणूस त्यांपैकी कोणालाच भेटले नाही.

पुढच्या आठवड्यात माझा त्याच वर्गावर तास आहे. व्हर्नच्या कादंबरीचा शेवट मुलांना सांगायचा राहिला आहे. नॉर्वेच्या किनाऱ्याजवळच्या भोवऱ्यात ते तिघे होडीतून निसटतात आणि कोळ्यांच्या झोपडीत शुद्धीवर येतात. पुढे बोट यायला बरेच दिवस लागतात, म्हणून प्राध्यापक आपली हकिगत पुन्हा वाचून काढतात. नेड लँडने त्या दिवसांत काय केले ते व्हर्नने सांगितलेले नाही. त्याने आधी कोणाकडून तरी पत्र लिहून घेतले असावे, असा माझा तर्क आहे.